धनी नसलेले गाणे

गाणे कोणाचे, हा प्रश्न आपण एरवी फारसा विचारीत नाही. आवडते गाणे कानी पडले की आपण ते गुणगुणू लागतो आणि फार तर गायकाचे नाव लक्षात ठेवतो. कवी कोण, चाल कोणाची, हे समजून घेण्याची तसदी थोडेच रसिक घेतात. तरीदेखील ती माहिती कोठेतरी लिहून ठेवलेली असेल आणि मागितली तर मिळेल, असा आपला भरवसा असतो. आज मी ज्या गाण्याविषयी बोलणार आहे, त्याच्या बाबतीत मात्र हा भरवसा कामास येत नाही.

गाणे इंग्रजी आहे. ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’, म्हणजे ‘उगवत्या सूर्याचे घर’, हे त्याचे नाव. इंग्लंडमधील पाच तरुणांनी १९६४ साली ते विजेच्या गिटारीच्या आणि ऑर्गनच्या साथीने गाऊन तबकडीवर आणले, आणि ज्या संगीताला जग ‘रॉक’ म्हणते त्यातील अभिजात रचनांत त्याची गणना होऊ लागली. या गोष्टीला साठ वर्षे उलटून गेली, पण गाणे जुने झाले नाही. गिटार शिकायला बसलेला मुलगा मग तो लंडनचा असो की मुंबईचा, पहिल्या काही महिन्यांत या गाण्यापाशी हटकून येतो. असे असूनही हे गाणे रचले कोणी, याचे उत्तर आजवर कोणालाही देता आलेले नाही. तबकडीवर मात्र एका माणसाचे नाव छापलेले आहे. आणि ज्या मुलीच्या कंठातून हे गाणे अभ्यासकांच्या हाती आले व पुढे जगभर गेले, तिचे नाव फारच थोड्यांना ठाऊक आहे. गाण्याची लोकप्रियता आणि त्याचे हे निर्नायकत्व या दोन गोष्टी एकमेकींशी निगडित आहेत, असे मला वाटते. ते कसे, हे समजण्यासाठी या गाण्याच्या प्रवासाच्या मागे मागे जावे लागेल.

गाण्यातील कथा थोडक्यात सांगता येते, कारण ती मुळातच थोडी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरात ‘उगवता सूर्य’ या नावाचे एक घर आहे. त्या घराने पुष्कळ गरीब जिवांचा नाश केला, आणि गाणारी व्यक्ती त्यांपैकीच एक आहे. तिची आई कपडे शिवून पोट भरणारी आहे. कथेत एक जुगारी आणि मद्यपी पुरुष आहे. काही पाठांत तो गाणारीचा प्रियकर असतो, तर काही पाठांत गाणाऱ्याचा बाप. धाकट्या भावंडाला निरोप पाठविला जातो की, माझ्या वाटेने जाऊ नकोस. आणि शेवटी, सारे कळून चुकलेले असूनही, ती व्यक्ती आगगाडीत बसून त्याच घराकडे परत निघते. कथा एवढीच. घरात नेमके काय घडले, अपराध कोणता, शिक्षा कोणती, हे गाणे सांगत नाही. जुन्या पाठांपैकी बहुतेकांत बोलणारी व्यक्ती स्त्री आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिचे प्रयोजन पुढे येईल.

हे घर खरोखर होते काय? या प्रश्नाने संशोधकांना आणि हौशी मंडळींना बरेच दमविले आहे. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वस्तीत, कॉन्टी नावाच्या रस्त्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘रायझिंग सन’ नावाचे एक उतारूंचे विश्रामगृह होते आणि ते १८२२ साली आगीत भस्मसात झाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्या जागी उत्खनन झाले, तेव्हा गालांना लावण्याच्या रंगाच्या लहान लहान कुप्या सापडल्या, आणि हेच ते बदनाम घर असावे असा तर्क काहींनी केला. दुसरी आख्यायिका अशी की, एका फ्रेंच कुंटणखान्याच्या मालकिणीच्या आडनावाचा अर्थच ‘उगवता सूर्य’ असा होता. पण अशी बाई त्या शहरात होती याला दप्तरी पुरावा नाही. तिसरे मत असे की, घर म्हणजे स्त्रियांचा तुरुंग, आणि त्याच्या दाराच्या दगडावर उगवत्या सूर्याचे चिन्ह कोरलेले होते. गाण्यात बेडीचा उल्लेख येत असल्यामुळे हे मत अगदीच टाकाऊ नाही. परंतु इंग्लंडात मद्यगृहांना ‘रायझिंग सन’ हे नाव पूर्वापार देत आले आहेत. तेव्हा हे नाव समुद्र ओलांडून वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत आले, आणि न्यू ऑर्लिन्स शहर त्याला मागाहून चिकटले, असेही घडले असेल. एक गोष्ट निश्चित आहे. ज्या डोंगराळ मुलखातील लोकांनी हे गाणे जतन केले, त्यांच्यातील बहुतेकांना न्यू ऑर्लिन्सचे दर्शन कधी घडले नसावे. त्यांच्या दृष्टीने ते दूरचे, मोहाचे आणि नाशाचे शहर होते. आपल्याकडे खेड्यातील म्हातारी माणसे ‘शहराने पोर बिघडविले’ असे म्हणतात, तेव्हा शहराचा पत्ता त्यांना सांगता येतोच असे नाही.

तो डोंगराळ मुलूख म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलाचियन पर्वतराजी. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधून आलेल्या वसाहतवाल्यांचे वंशज तेथे पिढ्यान् पिढ्या राहिले, आणि त्यांच्याबरोबर जुनी गाणी राहिली. त्याच पर्वतांतून पुढे रेल्वेचे रूळ गेले आणि कोळशाच्या खाणी निघाल्या. मजूर आले, फिरते गवई आले, औषधे विकणाऱ्यांचे तमाशे आले, आणि गोऱ्यांची व कृष्णवर्णीयांची गाणी एकमेकांत मिसळली. या सरमिसळीत आपले गाणे केव्हा जन्मले हे कळत नाही. त्याचे शब्द प्रथम छापलेले आढळतात ते १९२५ साली. रॉबर्ट गॉर्डन नावाचे गृहस्थ ‘ॲडव्हेंचर’ या मासिकात जुन्या गाण्यांचे सदर चालवीत असत. वाचक त्यांना आठवतील ती गाणी पाठवीत. आणि त्याची सर्वांत जुनी ज्ञात तबकडी १९३३ सालची आहे. ती क्लॅरेन्स ॲशली आणि ग्वेन फॉस्टर या दोघा डोंगरी गवयांनी भरली. गाणे आपण आजोबांकडून शिकलो, असे ॲशली सांगत असे. म्हणजे ते त्या वेळीच जुने झालेले होते.

यानंतरचा टप्पा महत्त्वाचा आहे, आणि तो घडला एका सरकारी खात्याच्या कामातून. वॉशिंग्टन येथील ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या राष्ट्रीय ग्रंथालयाने लोकगीतांचा एक संग्रह सुरू केला होता, आणि १९३७ साली त्या कामावर ॲलन लोमॅक्स नावाचा अवघा बावीस वर्षांचा तरुण नेमलेला होता. तो आणि त्याची पत्नी ध्वनिमुद्रणाचे एक अवजड यंत्र मोटारीत घालून केंटकी राज्याच्या पूर्व भागात हिंडले. सप्टेंबर १९३७ मध्ये ते मिडल्सबरो या कोळशाच्या खाणींच्या गावी पोहोचले. तेथे खाणकामगाराच्या घरातील एका सोळा वर्षांच्या मुलीने त्यांना काही गाणी म्हणून दाखविली. तिचे नाव जॉर्जिया टर्नर. त्या गाण्यांत हे एक होते. लोमॅक्सने त्याला ‘रायझिंग सन ब्लूज’ असे नाव देऊन नोंद केली. सोळा वर्षांची ती मुलगी, जिने बहुधा आपल्या जिल्ह्याची वेस ओलांडलेली नव्हती, एका उद्ध्वस्त झालेल्या स्त्रीचे गाऱ्हाणे साथीशिवाय, सरळ, कोणताही अभिनय न करता गाते. गाण्यातील दुःख तिने आपल्या बाजूने वाढविलेले नाही, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याला अधिक जाणवते.

सरकारी दप्तरात जमा झालेला कागद बहुधा तेथेच धूळ खात पडतो, हा आम्हा नोकरशहांवरचा आरोप अगदीच खोटा नाही. या गाण्याचे नशीब निराळे होते. लोमॅक्सने ते १९४१ साली ‘अवर सिंगिंग कंट्री’ या संग्रहात छापले, आणि छापताना जॉर्जिया टर्नर हिचे नाव दिले; त्याचबरोबर बर्ट मार्टिन नावाच्या दुसऱ्या केंटकीवासीयाकडून मिळालेली काही कडवीही जोडली. तेथून ते न्यूयॉर्कच्या लोकगीतगायकांच्या वर्तुळात शिरले. वुडी गथ्री याने ते म्हटले, लेड बेली याने म्हटले, जॉश व्हाइट याने म्हटले. डोंगरातील गाणे शहरात आले, पण अजून ते थोड्या जाणत्या लोकांचेच होते.

यापुढे हातांची एक साखळी लागते. टेक्सासची गायिका आणि संग्राहक हॅली वुड हिने टर्नरच्या ध्वनिमुद्रणावरून गाणे उचलले. हॅली वुडच्या तबकडीवरून १९५० च्या दशकात ते शिकला डेव्ह व्हॅन रॉंक. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज या कलावंतांच्या वस्तीतला हा धिप्पाड, घोगऱ्या आवाजाचा गायक. त्याने गाण्याला एक नवा आधार दिला, आणि आज जगाला जे गाणे माहीत आहे त्याचा पाया तोच आहे. तो कोणता, हे आपल्या संगीताच्या परिभाषेत सांगण्यासारखे आहे.

जुन्या डोंगरी गायनात, उदाहरणार्थ ॲशलीच्या तबकडीत, गांधार शुद्ध आहे. त्यामुळे शब्द दुःखाचे असले तरी चाल मोकळी आणि काहीशी चालती वाटते. शहरात आल्यावर गाण्याचा गांधार कोमल झाला, आणि चालीवर सावली पडली. व्हॅन रॉंकने त्याखाली खर्जाच्या स्वरांची एक उतरती ओळ घातली: प्रथम षड्ज, मग कोमल निषाद, मग शुद्ध धैवत आणि लगेच कोमल धैवत. गायकाचा आवाज वर चढत असताना तळाचा स्वर असा पायरीपायरीने खाली उतरत जातो. शुद्ध धैवतावर क्षणभर उजेड पडल्यासारखा वाटतो आणि पुढच्याच पावलाला, कोमल धैवतावर, तो विझतो. कथेतील माणूस सुटकेचा विचार करतो आणि पुन्हा त्याच घराकडे वळतो. स्वरांचीही गत तीच होते. ज्यांना इंग्रजी शब्द कळत नाहीत त्यांनाही हे गाणे उदास का करते, याचे रहस्य पुष्कळसे या दोन धैवतांत आहे.

व्हॅन रॉंकच्या भोवती वावरणाऱ्या तरुणांत बॉब डिलन हा एक वीस वर्षांचा मुलगा होता. याच डिलनला पुढे २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्याने आपली पहिली तबकडी भरली, आणि तीत हे गाणे व्हॅन रॉंकच्या मांडणीसकट घातले. व्हॅन रॉंकने आपल्या आठवणीत हकीकत दिली आहे ती मोठी मजेदार आहे. डिलन त्याच्याकडे येऊन ‘तुझी मांडणी मी वापरली तर चालेल का’ असे विचारू लागला. ‘मीच ते लवकर ध्वनिमुद्रित करणार आहे, तेव्हा थोडा थांब’, असे व्हॅन रॉंकने सांगितले. त्यावर डिलनचा चेहरा पडला. कारण मुद्रण आधीच होऊन गेले होते. मार्च १९६२ मध्ये तबकडी बाहेर आली. त्यानंतर व्हॅन रॉंक हे गाणे म्हणू लागला की लोक म्हणत, ‘हा डिलनचे गाणे म्हणतो आहे.’ शेवटी कंटाळून त्याने ते म्हणणेच सोडून दिले.

आता आपण अटलांटिक महासागर ओलांडून इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील न्यूकॅसल शहरी जाऊ. हेही कोळशाचेच गाव. येथील पाच तरुणांनी ‘द ॲनिमल्स’ नावाचे वाद्यवृंद-मंडळ काढले होते. एरिक बर्डन गात असे. ॲलन प्राइस ऑर्गन वाजवी. हिल्टन व्हॅलेंटाइन गिटार, चॅस चँडलर खर्जाची गिटार आणि जॉन स्टील ढोल. १९६४ च्या वसंत ऋतूत हे मंडळ अमेरिकन गायक चक बेरी याच्याबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर होते. चक बेरीसमोर त्याच्याच धर्तीचे धावते, गाजते संगीत वाजवून आपला निभाव लागणार नाही, हे त्यांनी ओळखले. शेवटी असे काही म्हणावे की ते इतरांहून वेगळे म्हणून लोकांच्या ध्यानात राहील, या विचाराने त्यांनी हे संथ गाणे निवडले. ते त्यांना कोठून मिळाले याविषयी खुद्द त्या पाच जणांच्या आठवणी जुळत नाहीत. आपण ते न्यूकॅसलच्या एका लोकगीतगायकाकडून ऐकले, असे बर्डन म्हणत आला. डिलनच्या तबकडीवरून स्वरगुच्छ घेतले, असे व्हॅलेंटाइनचे म्हणणे. धनी नसलेल्या वस्तूच्या बाबतीत पाच साक्षीदारांच्या पाच जबान्या होतात, तसेच हे झाले.

१८ मे १९६४ रोजी, दौऱ्याच्या धावपळीतून वेळ काढून, ते लंडनच्या एका ध्वनिमुद्रणगृहात गेले. रोज रात्री रंगमंचावर म्हणून म्हणून गाणे हाताखालचे झालेले होते. ते एका दमात झाले, आणि पहिलेच मुद्रण कायम ठरले. व्हॅलेंटाइनने स्वरगुच्छ एकदम न छेडता त्यातील एकेक सूर सुटा करून, खालून वर आणि वरून खाली, सारख्या गतीने वाजविला. ठेका सहा मात्रांचा आहे. आपल्याकडील दादरा ज्यांच्या कानांत आहे त्यांना तो परका वाटणार नाही. गिटारीच्या या एकसुरी झुल्यावर बर्डनचा आवाज प्रथम खालच्या पट्टीत बोलल्यासारखा येतो, मग एकाएकी सप्तकभर वर उडी घेतो, आणि त्याच्या मागे प्राइसचा ऑर्गन वादळासारखा उठतो. मुद्रण साडेचार मिनिटांचे झाले. त्या काळी लोकप्रिय गाणे तीन मिनिटांच्या आत संपले पाहिजे असा दंडक होता. रेडिओवाले याहून लांब गाणे लावीत नसत. निर्माता मिकी मोस्ट याने ते तसेच, न कापता, बाजारात आणले. जुलै १९६४ मध्ये ते इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत पहिल्या स्थानी होते, आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेत. अमेरिकेतील कंपनीने मात्र त्याला कात्री लावून तीन मिनिटांच्या आत बसविले होते.

या इंग्लिश पाठात बोलणारी व्यक्ती स्त्री राहिली नाही. ती मुलगा झाली, आणि जुगारी प्रियकराच्या जागी जुगारी बाप आला. कुंटणखान्याची छाया पुसट झाली आणि गाणे रेडिओवर लागण्यास अडचण उरली नाही. या बदलात काही गमावले, हे खरे आहे. ज्या बाईचे हे गाऱ्हाणे होते, ती आपल्याच गाण्यातून बाहेर गेली. पण त्यामुळे एक नवे गाणेही निर्माण झाले. बापाचे व्यसन मुलाच्या अंगी उतरते आणि ते कळूनही टळत नाही, असा अर्थ त्याला आला. व्हॅन रॉंकच्या वाट्याला जे आले होते त्याची पुनरावृत्तीही लौकरच झाली. डिलन हे गाणे म्हणू लागला की श्रोते म्हणत, ‘हा ॲनिमल्सची नक्कल करतो आहे’. आणि तेव्हा त्यानेही ते म्हणणे सोडले, असे व्हॅन रॉंकने काहीशा समाधानाने नमूद केले आहे.

आता तबकडीवरील नावाकडे येऊ. कायद्याच्या दृष्टीने परंपरागत गाण्याला धनी नसतो. ते सर्वांचे असते. परंतु त्याची जी नवी मांडणी कोणी करील, तिच्यावर मांडणी करणाराला हक्क सांगता येतो आणि त्याचा मोबदला मिळतो. म्हणून तबकडीवर ‘पारंपरिक, मांडणी अमुक’ असे छापण्याची चाल आहे. ॲनिमल्सच्या तबकडीवर मांडणीकार म्हणून एकट्या ॲलन प्राइसचे नाव छापले गेले. पाचही नावे मावण्याइतकी तेथे जागा नव्हती, असे कारण त्या वेळी सांगण्यात आल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. एका इंचाच्या त्या जागेचा परिणाम फार दूरवर झाला. गाण्याच्या मांडणीचा मोबदला एका नावावर जमा होत राहिला, आणि ज्याच्या गिटारीच्या सुरांवरून हे गाणे जग ओळखते त्या व्हॅलेंटाइनसह इतर चौघांना त्यात वाटा नव्हता. प्राइस १९६५ सालीच मंडळ सोडून गेला. मनातील कडवटपणा मात्र पुढे अनेक वर्षे मुलाखतींतून प्रकट होत राहिला. व्हॅलेंटाइन २०२१ साली वारला.

आणि तरीही, हे भांडण ज्या मालमत्तेवरून झाले तिच्यातील पुष्कळसा भाग त्या पाचांपैकी कोणाचाच नव्हता. उतरता खर्ज व्हॅन रॉंकचा होता. व्हॅन रॉंकने हॅली वुडकडून घेतले होते, हॅली वुडने जॉर्जिया टर्नरकडून. आणि टर्नरने? तिने ते तिच्या गावात ऐकले होते. मिडल्सबरोतील कोणा अज्ञात कंठापाशी येऊन आपली चौकशी थांबते. तेथे दप्तर संपते.

जॉर्जिया टर्नरचे पुढे काय झाले, हे टेड अँथनी नावाच्या अमेरिकन पत्रकाराने वर्षानुवर्षे हिंडून शोधून काढले आणि २००७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. तिचे लग्न झाले, संसार वाढला, आणि कामधंद्यासाठी डोंगर सोडून उत्तरेकडे गेलेल्या हजारो केंटकीवासीयांप्रमाणे तीही मिशिगन राज्यात जाऊन राहिली. गायिका म्हणून तिने कधी मिरविले नाही. फुप्फुसाच्या विकाराने ती १९६९ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारली. म्हणजे हे गाणे जगभर दुमदुमू लागले तेव्हा ती हयात होती. लोमॅक्सच्या खटपटीमुळे अखेरच्या काही वर्षांत तिला थोडे पैसे मिळाले. अँथनींनी त्याचा हिशेब दिला आहे, तो सव्वाशे डॉलरदेखील भरत नाही.

हा अन्याय झाला, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो चुकीचा नाही. परंतु अन्याय कोणी केला, असे विचारले तर बोट दाखविणे कठीण जाते. लोमॅक्सने तिचे नाव छापले होते. व्हॅन रॉंकनेही आपल्या आठवणीत तिचे ऋण नावानिशी मान्य केले आहे. कायद्याला लेखक दिसतो, मांडणीकार दिसतो. ऐकून लक्षात ठेवणारा आणि जसेच्या तसे पुढच्याच्या हाती देणारा त्याला दिसत नाही. नमुन्यातील रकान्यात जी गोष्ट बसत नाही ती घडलीच नाही असे समजून पुढे जाणे, ही कचेऱ्यांची रीत आहे, आणि या बाबतीत कायदा कचेरीसारखाच वागतो. वस्तुतः लोकगीताच्या जगात जतन करणे हेच निम्मे निर्माण करणे असते. जात्यावर बसलेल्या बाईने सासुरवाशिणीची ओवी म्हटली तर ती तिची स्वतःची किती आणि आईकडून आलेली किती, हे तिला तरी कोठे सांगता येते?

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. हे गाणे टिकले कशाने? चालीतील दोन धैवतांचा उल्लेख मी केलाच आहे. वाजवायला ते सोपे आहे, हेही एक कारण आहे. पाच स्वरगुच्छ आणि सहा मात्रांचा संथ झुला, एवढ्या भांडवलावर नवशिक्याला आपण खरोखर संगीत निर्माण करीत आहोत असा अनुभव येतो, आणि बोटांनी शिकलेले गाणे माणूस सहसा विसरत नाही. परंतु सोपी गाणी पुष्कळ असतात आणि उदास चालीही पुष्कळ असतात. या गाण्याचे खरे सामर्थ्य त्याने न सांगितलेल्या गोष्टींत आहे, असे मला वाटते. घर आहे, पण घरात काय आहे ते सांगितलेले नाही. त्या रिकाम्या खोलीत प्रत्येक गायकाने आपले दुःख नेऊन ठेवले. कोणाच्या मते ते वेश्यागृह, कोणाच्या मते जुगाराचा अड्डा, कोणाच्या मते तुरुंग. फ्रान्समधील लोकप्रिय गायक जॉनी हॅलिडे याने १९६४ सालीच त्याचे फ्रेंच रूपांतर गायिले. त्यात घराचा उघड उघड तुरुंग झाला, गाण्याचे नावही तुरुंगाचेच ठेवले, आणि फ्रान्समध्ये ते घरोघर पोहोचले. अमेरिकेतील ‘फ्रिजिड पिंक’ या मंडळाने काही वर्षांनी तेच गाणे कर्कश, गरजत्या गिटारीवर म्हटले आणि तेही गाजले. मुलगी म्हणते तेव्हा गाणे एक असते, मुलगा म्हणतो तेव्हा दुसरे. आणि दोन्ही खरी वाटतात.

हे बदल करण्यास कोणाची परवानगी लागली नाही. ‘माझ्या शब्दाला हात लावू नका’ असे सांगायला कवी जागेवर नव्हता. कवी असता तर ॲशलीची एक चाल, टर्नरची दुसरी, व्हॅन रॉंकचा खर्ज, व्हॅलेंटाइनचे सुटे सूर, ही सारी भर त्याच्या अनुमतीवर अवलंबून राहिली असती, आणि कदाचित पडलीही नसती. म्हणजे ज्या कारणामुळे जॉर्जिया टर्नरच्या हाती सव्वाशे डॉलरही आले नाहीत, त्याच कारणामुळे तिचे गाणे जगले. धनी नसणे हे या गाण्याचे दैव आणि दुर्दैव दोन्ही आहे. एकाचा स्वीकार करताना दुसऱ्याचा विसर पडू देऊ नये, एवढे आपण ऐकणारे निश्चित करू शकतो.

ते करणे आज अवघड नाही. १९३७ साली मिडल्सबरोत लोमॅक्सच्या यंत्राने टिपलेले ते गाणे सुरक्षित आहे आणि कोणालाही ऐकता येते. तबकडी खरखरते, आवाज कोवळा आहे, साथ नाही. ॲनिमल्सच्या ऑर्गनचे वादळ ज्यांच्या कानांत आहे, त्यांनी एकदा तो आवाजही ऐकावा. आधी तो कोणा भलत्याच गाण्याचा वाटेल. मग दुसऱ्या कडव्याच्या सुमारास शब्द ओळखीचे वाटू लागतात, आणि सोळा वर्षांची एक मुलगी आपल्या धाकट्या बहिणीला सावध करीत आहे, हे स्पष्ट ऐकू येते.